सेप्सिस आणि निरोगी नमुन्यांत फरकच दिसत नाही: सीडी११बी सगळीकडे चढलेलं, सीडी६२एल सगळीकडे उतरलेलं

पेशीशोध

जीवाणूजन्य सेप्सिसच्या रुग्णांचे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तवाहिनीच्या अस्तराला किती चिकटतात, हे निरोगी रक्ताशी ताडून पाहायचं आहे. पद्धत अशी:

रक्त ईडीटीएच्या (कॅल्शियम ओढून रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत, खोलीच्या तापमानाला. प्रयोगशाळेत पोहोचायला दोन ते तीन तास. मग डेक्स्ट्रानने लाल पेशी बसवणं, घनता-ग्रेडियंटवर सेंट्रिफ्यूज, उरलेल्या लाल पेशी अमोनियम क्लोराइडने फोडणं. स्टेनिंग बर्फावर ३० मिनिटं, फॉस्फेट बफरमध्ये (त्यात २ मिलिमोलर ईडीटीए). पॅनेलमध्ये (पेशीवरचे रेणू दाखवणाऱ्या चमकदार अँटिबॉडींच्या संचात) सीडी१६, सीडी११बी, सीडी६२एल, आणि इंटिग्रिन (पेशीला चिकटवणारं प्रथिन, सीडी११बी त्याचाच भाग) जागं झालंय का हे बघायला क्लोन २४ ही अँटिबॉडी.

चिकटण्याची चाचणी: नाळेच्या शिरेतल्या एंडोथेलियल पेशी ९६ खणांच्या प्लेटमध्ये, टीएनएफ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) १० नॅनोग्रॅम प्रति मिली २४ तास, त्यावर कॅल्सिन हा चमकणारा रंग भरलेले न्यूट्रोफिल ३० मिनिटं, पिपेटने तीनदा धुवायचं आणि रीडरवर मोजायचं.

निकाल: निरोगी नमुन्यांतही सीडी११बी भरपूर आणि सीडी६२एल जवळपास नाहीसं. क्लोन २४ सगळीकडे शून्य, उत्तेजित केलेल्या नळीतसुद्धा. चिकटण्याची टक्केवारी दोन्ही गटांत सारखी. सीडी१८ (इंटिग्रिनची बीटा-२ साखळी) रोखणारी अँटिबॉडी घातली की चिकटणं निम्म्यावर येतं, त्याखाली जात नाही. ई-सिलेक्टिन (अस्तरावरचा, वाहत्या पेशीला पकडणारा रेणू) रोखून काहीच होत नाही. नेमकं कुठे चुकतंय?

शीतपेटी

पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर नळीपासून सुरू होतं. स्टेनिंगपर्यंत पोहोचेस्तोवर तुमचे निरोगी न्यूट्रोफिल निरोगी उरलेलेच नाहीत.

सीडी११बीचा मोठा साठा पेशीच्या आत तयार असतो: स्रावी पुटिकांमध्ये, जिलॅटिनेज कणांमध्ये आणि विशिष्ट कणांमध्ये. नवीन प्रथिन बनवावं लागत नाही, पुटिका पृष्ठभागाला मिळाल्या की झालं. त्यातल्या स्रावी पुटिका तर इतक्या हळव्या की जरा धक्का लागला तरी बाहेर येतात. सीडी६२एल म्हणजे एल-सिलेक्टिनचं उलट. पटलाच्या अगदी जवळ अ‍ॅडॅम१७ हे एन्झाइम त्याला कापून टाकतं, तेही काही मिनिटांत. एक चढतं, दुसरं उतरतं. म्हणून ही जोडी संसर्गाची खूण आहे तशीच हाताळणीचीही आहे, आणि तुमच्याकडे सध्या ती हाताळणीच मोजते आहे.

धक्के मोजून पाहा: खोलीच्या तापमानाला तीन तास, डेक्स्ट्रान, ग्रेडियंटच्या फेऱ्या, अमोनियम क्लोराइड. यातला प्रत्येक टप्पा थोडं थोडं उत्तेजन देतो. त्यात एखाद्या बफरमध्ये एंडोटॉक्सिनचा (जीवाणूंच्या आवरणातलं विष) अंश असेल तर मग विचारायलाच नको.

मोजणीसाठी पेशी वेगळ्या काढूच नका. रक्त काढल्याबरोबर नळी बर्फाच्या पाण्यात. अर्ध्या तासाच्या आत ५० मायक्रोलिटर पूर्ण रक्त आधीच अँटिबॉडी भरून ठेवलेल्या थंड नळीत घाला, अंधारात ४ अंश सेल्सिअसला २० ते ३० मिनिटं ठेवा, मग लाल पेशी फोडून पांढऱ्या पेशी स्थिर करणारं द्रावण घाला. थंड बफरने एकदा धुवा आणि सायटोमीटरवर चढवा. एक पथ्य काटेकोर पाळा: एकदा गार केलेलं रक्त मध्येच गरम होऊ द्यायचं नाही. ४ वरून ३७ अंशांवर नेलं की सीडी११बी उडी मारतं. ती उडी 'संसर्गाचा परिणाम' म्हणून सहज खपून जाते.

प्रत्येक नमुन्याला दोन नळ्या जास्तीच्या धरा. एकात काहीच नाही, ३७ अंशांवर १० मिनिटं. दुसरीत एफएमएलपी (न्यूट्रोफिलना उत्तेजित करणारं पेप्टाइड) १०० नॅनोमोलर, तेवढाच वेळ. दुसरीत सीडी६२एल कोसळलं पाहिजे आणि सीडी११बी बर्फावरच्या नळीच्या कितीतरी पट चढलं पाहिजे. बर्फावरची नळी आणि एफएमएलपीची नळी सारखीच दिसली तर पेशी आधीच पेटून बसलेल्या आहेत. त्या दिवसाचे आकडे वापरू नका.

गेटिंगवाली

शीतपेटी यांच्या उत्तरात भर. रुग्णाच्या रक्तात न्यूट्रोफिल मायक्रोलिटरमागे २०,००० असू शकतात, निरोगी माणसात ४,०००. दोघांचंही ५० मायक्रोलिटर रक्त तेवढ्याच अँटिबॉडीत घातलं तर रुग्णाच्या नळीत अँटिबॉडी पुरत नाही, चमक कमी दिसते आणि सेप्सिसमध्ये सीडी११बी 'घटलं' असा निष्कर्ष निघतो. आधी पेशीसंख्या करा, मग बर्फाच्या थंड बफरने सगळे नमुने एकाच संख्येवर आणा. अँटिबॉडीचं टायट्रेशनही जास्तीत जास्त पेशीसंख्येवर करा. महिनोन् महिने नमुने गोळा होणार असतील तर सरासरी चमक तशीच लिहू नका. ठरावीक रेणूसंख्येच्या प्रमाणित मण्यांवरून ती रेणूसंख्येत बदलून घ्या.

गेटिंगमध्ये (सायटोमीटरवर हव्या त्या पेशी निवडताना) इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींची दुसरी जात वेगळी काढा. ते सीडी१६ दाखवत नाहीत आणि त्यांची स्वतःची चमक जास्त असते. त्यांच्यावर व्हीएलए-४ हे वेगळं इंटिग्रिन असतं, ते अस्तरावरच्या व्हीकॅम-१ला धरतं. त्यामुळे चिकटण्याच्या चाचणीत हे पाहुणे मिसळले तर सीडी१८ रोखूनही काही पेशी चिकटलेल्या राहतात. पण 'सीडी१६ कमी म्हणजे इओसिनोफिल' असं सरसकट धरू नका. सेप्सिसमध्ये अस्थिमज्जेतून अपक्व न्यूट्रोफिल बाहेर पडतात, त्यांचंही सीडी१६ मंद असतं. सीडी१०ची जोड द्या: पक्व न्यूट्रोफिलवर ते असतं, अपक्वांवर नसतं.

मॅग्नेशियम

क्लोन २४ शून्य येण्याचं कारण तुमच्या बफरमध्ये लिहिलेलंच आहे. २ मिलिमोलर ईडीटीए.

इंटिग्रिनचं डोकं लिगंडला धरतं ते धातूच्या आयनामधून. मिडास नावाची जागा असते, तिथे मॅग्नेशियम बसतं. क्लोन २४ ओळखतो ती बीटा-२ साखळीची उघडलेली ठेवण, आणि ती मॅग्नेशियम किंवा मँगेनीज असल्याशिवाय टिकत नाही. ईडीटीएने आयन ओढून घेतले की उघडलेलं डोकं मिटतं. वर बर्फ. थंडीत इंटिग्रिन उघडतच नाहीत. तुमची उत्तेजित नळीही शून्य आली ती त्यामुळे. अँटिबॉडी खराब असती तरी असंच दिसलं असतं, म्हणून आधी धन-नियंत्रण बसवा.

ते असं: हेपीस २० मिलिमोलर, सोडियम क्लोराइड १४० मिलिमोलर, ग्लुकोज २ मिलिग्रॅम प्रति मिली, पीएच ७.४. एका नळीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी १ मिलिमोलर, हीच तुमची मूळ अवस्था. दुसरीत त्यावर एफएमएलपी. तिसरीत कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही गाळून मँगेनीज क्लोराइड १ मिलिमोलर, म्हणजे बाहेरून जबरदस्तीने उघडलेलं इंटिग्रिन. चौथीत ईडीटीए ५ मिलिमोलर, म्हणजे खरा शून्य. अँटिबॉडी उत्तेजनाच्या वेळीच घालायची, ३७ अंशांवर १० मिनिटं, कारण उघडलेली ठेवण क्षणिक असते. नंतर बर्फावर नेऊन अँटिबॉडी घातली तर तोवर दार लागलेलं असतं. मँगेनीज फॉस्फेट बफरमध्ये घालू नका, साका बसतो. नळीच्या तळाशी हलका गढूळपणा दिसला तर तेच झालेलं असतं.

क्लोन निवडताना काय विचारता आहात ते ठरवा. किम१२७ सांगतो की वाकलेलं इंटिग्रिन ताठ झालंय. २४ सांगतो की डोकंही उघडलंय. दोन्ही बीटा-२वर बसतात, त्यामुळे एलएफए-१ (सीडी११ए-सीडी१८) की मॅक-१ (सीडी११बी-सीडी१८) हे त्यातून कळत नाही. फक्त मॅक-१ हवं असेल तर सीबीआरएम१/५ हा क्लोन. त्याची एक मौज पाहा: जोरदार उत्तेजनानंतरही पृष्ठभागावरच्या मॅक-१पैकी साधारण १० ते ३० टक्केच रेणू त्याला सापडतात. आणि त्याच थोड्या रेणूंना रोखलं की मॅक-१चं चिकटणं बरंचसं थांबतं. म्हणजे सीडी११बीची चमक तिप्पट झाली म्हणून चिकटणं तिप्पट होईल हा हिशेबच मोडीत निघतो.

नळी कोणती घ्यायची हेही यावरच ठरतं. ईडीटीए मोजणीला चालेल, कार्याला चालणार नाही. सायट्रेटही कॅल्शियम ओढतं. हेपरिन आयनांना हात लावत नाही, पण ते पी-सिलेक्टिन आणि एल-सिलेक्टिनला अडवतं, म्हणून प्रवाहातल्या चाचणीआधी पेशी धुऊन ते काढून टाकावं लागतं. आणखी एक: सेप्सिसमध्ये न्यूट्रोफिलवर प्लेटलेट चिकटलेले असतात, पी-सिलेक्टिनने न्यूट्रोफिलवरच्या पीएसजीएल-१ला धरून. ती पकड कॅल्शियमवर चालते, त्यामुळे ईडीटीएच्या नळीत या जोड्या सुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. सीडी४१ किंवा सीडी४२बी (प्लेटलेटच्या खुणा) पाहायचं असेल तर हेपरिन किंवा हिरुडिन घ्या.

पेशीशोध

हे सगळं जुळतंय. दोन अडचणी. रुग्णाच्या खाटेपासून प्रयोगशाळा जवळ नाही, अर्ध्या तासात पोहोचणं दर वेळी जमणार नाही. आणि चिकटण्याच्या चाचणीला वेगळ्या काढलेल्या पेशी लागणारच. तिथे काय करावं?

शीतपेटी

मोजणीची नळी खाटेपाशीच भरा. अँटिबॉडीचं मिश्रण सकाळीच वाटून थंड पेटीत न्यायचं, रक्त तिथेच घालायचं, घड्याळ लावायचं आणि स्थिर करणारं द्रावणही तिथेच घालायचं. स्थिर झालेल्या नळ्या मग ४ अंशांवर, अंधारात, निवांत आल्या तरी चालतात. दुसऱ्या दिवसावर मात्र टाकू नका, जोड-रंग (दोन रंग जोडून बनवलेले) तुटायला लागतात.

कार्यासाठीची नळी वेगळी, हेपरिनची, आणि ती गार करायची नाही. डेक्स्ट्रान-ग्रेडियंट सोडा. चुंबकीय ऋण निवड वापरा, म्हणजे नको असलेल्या पेशींना अँटिबॉडी लागते आणि न्यूट्रोफिल अस्पर्श राहतात. संचातल्या बफरमध्ये बहुधा ईडीटीए असतं, म्हणून शेवटी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या हेपीस बफरमध्ये घ्या. पेशी हाती आल्यावर तासाभरात वापरा. व्हॉर्टेक्स बंद. बोटाने टिचकीही नको, नळी हळू उलटसुलट करा.

उशीर टाळता येत नसेल तर निरोगी नमुन्यालाही तेवढाच उशीर द्या. रुग्णाचं रक्त दीड तासाने आणि निरोगी रक्त दहा मिनिटांत हाताळलं, तर तुम्ही रोगाऐवजी प्रवासाचा वेळ मोजाल.

प्रवाहकक्ष

आता प्लेटवरच्या चाचणीबद्दल. ई-सिलेक्टिन रोखून फरक पडला नाही यात नवल नाही, कारण दोन आहेत आणि एकेकटं कारणही पुरेसं आहे.

एक, वेळ. टीएनएफ दिल्यावर ई-सिलेक्टिन ४ ते ६ तासांत शिखरावर जातं आणि २४ तासांनी बरंच उतरलेलं असतं. आयकॅम-१ (बीटा-२ इंटिग्रिन ज्याला धरतं तो अस्तरावरचा रेणू) मात्र चढून टिकून राहतं. म्हणजे २४ तासांच्या अस्तरावर तुम्ही मुख्यतः आयकॅम-१च तपासता आहात. ४ तासांवर या. पी-सिलेक्टिन हवं असेल तर टीएनएफवर विसंबू नका. उंदरात ते टीएनएफने वाढतं, माणसात नाही. माणसाच्या अस्तरात ते व्हायबल-पालाडे पिंडांत साठवलेलं असतं, हिस्टामिन किंवा थ्रॉम्बिन दिलं की मिनिटांत पृष्ठभागावर येतं आणि तितक्याच लगबगीने परत आत जातं.

दोन, स्थिर प्लेट. सिलेक्टिनचं काम वाहत्या पेशीला पकडून घरंगळवणं. वाहतंच काही नसेल तर पेशी गुरुत्वाने खाली येऊन बसते, तिला पकडायची गरजच उरत नाही. शिवाय सिलेक्टिनची पकड ओढ बसल्यावर घट्ट होते. एल-सिलेक्टिनचं तर असं आहे की कातर-ताण (प्रवाहाची भिंतीवरची ओढ) अर्ध्या डाइनच्या आसपासच्या उंबरठ्याखाली गेला की घरंगळणं थांबतं आणि पेशी सुटून निघून जातात. पंप 'सुरक्षित' म्हणून फार हळू लावला तर नेमकं हेच होतं.

चपट्या कक्षात भिंतीवरचा कातर-ताण = ६ × श्यानता × प्रवाह ÷ (रुंदी × उंचीचा वर्ग). कक्ष ०.५ सेंमी रुंद, ०.०४ सेंमी उंच, ३७ अंशांवर माध्यमाची श्यानता ०.००७ पॉइज धरा. १ डाइन प्रति चौरस सेंमी हवा असेल तर प्रवाह सेकंदाला ०.०१९ मिली, म्हणजे मिनिटाला सुमारे १.१४ मिली. उंचीचा वर्ग आहे हे विसरू नका: गॅस्केट दाबली जाऊन उंची एक दशांश कमी झाली तर ताण जवळजवळ पावपट वाढतो, आणि पंपाच्या पडद्यावर मात्र तोच आकडा दिसत राहतो.

अस्तर चौथ्या पॅसेजपर्यंतचंच (पेशी नव्या भांड्यात वाढवण्याच्या चौथ्या फेरीपर्यंतचंच) घ्या आणि ते पूर्ण भरलेलं असू द्या. न्यूट्रोफिल मिलीमागे १० लाख. पंप ढकलण्याऐवजी ओढण्यावर ठेवा, कक्ष आणि नळ्या ३७ अंशांवर. माध्यम आधीच गरम करून हवा जाऊ द्या, नाहीतर कक्षात गेल्यावर बुडबुडे सुटतात. एकच बुडबुडा अस्तरावरून घसरत गेला की मागे उघडी पट्टी राहते. ती पट्टी न्यूट्रोफिलना फार आवडते आणि मोजणी बिघडते. ४ मिनिटं पेशी सोडा, मग नुसतं माध्यम. सहा-आठ ठिकाणी दहा-दहा सेकंदांचं चित्रण करा आणि कोणता नमुना कोणाचा हे न सांगता दुसऱ्याकडून मोजून घ्या.

फेज सूक्ष्मदर्शकात काय बघायचं: घरंगळणारी पेशी गोल आणि चकचकीत दिसते, झटके घेत पुढे सरकते. थांबली की काही सेकंद तशीच, मग कडा पसरतात, एक टोक पुढे निघतं आणि ती अस्तरावर सरपटत दोन पेशींच्या सांध्याकडे जाते. अस्तराच्या वर आहे तोवर चमकते. खाली उतरली की एकदम काळपट पडते. घरंगळणारी, थांबलेली आणि उतरलेली या तिन्ही वेगळ्या मोजा. सिलेक्टिन बिघडलं तर पहिलाच आकडा पडतो. इंटिग्रिन बिघडलं तर पहिला शाबूत आणि दुसरा पडतो. प्लेट रीडर या सगळ्याची एकच बेरीज करून देतो, म्हणून तुमचे दोन्ही गट सारखे दिसले.

सीडी१८चा निम्मा परिणाम: अँटिबॉडी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, १५ मिनिटं आधी दिली होती का? ती पूर्ण इम्युनोग्लोब्युलिन असेल तर न्यूट्रोफिल तिला एफसी रिसेप्टरनेही धरतात. एफ-एबी-दोन तुकडा (एफसीचा भाग नसलेला) घ्या, निदान त्याच आयसोटाइपचं नियंत्रण तरी. अस्तरात फटी असतील तर पेशी खालच्या जिलॅटिनवर आणि प्लास्टिकवर बसतात. मॅक-१ला काहीही चालतं, फायब्रिनोजेन असो, विकृत झालेलं अल्ब्युमिन असो. एक खण टीएनएफशिवाय आणि एक खण अस्तराशिवाय ठेवलात तर पाच मिनिटांत उलगडा होईल. आणि पिपेटने तीनदा धुणं हे माणसागणिक बदलतं. प्लेट माध्यमाने काठोकाठ भरून, झाकणफिल्म लावून, उलटी करून हलक्या वेगाने फिरवा.

अस्तर_२

पद्धत सुधारली तरी अर्थ लावताना एक खड्डा उरतो. प्रवाहकक्ष यांच्याशी इथे थोडा मतभेदही आहे.

सेप्सिसच्या रुग्णाच्या बाहूतून काढलेल्या रक्तात असतात ते न चिकटलेले न्यूट्रोफिल. जे चिकटले ते फुप्फुसात, यकृतात अडकून बसलेत, सुईत येणारच नाहीत. वर अपक्व पेशींची भरती. त्यामुळे 'रुग्णाच्या पेशी कमी चिकटल्या' याचे निदान तीन अर्थ होतात: खरोखर बधिर झाल्या, चिकटणाऱ्या आधीच निघून गेल्या, किंवा नव्या कोऱ्या पेशी मोजल्या गेल्या. सीडी१६ विरुद्ध सीडी६२एल असा आलेख काढल्याशिवाय यातलं काहीही लिहू नका. निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिन देऊन केलेल्या प्रयोगांत तीन गट स्पष्ट दिसले आहेत: दोन्ही तेजस्वी, म्हणजे नेहमीच्या पक्व पेशी. सीडी१६ मंद आणि सीडी६२एल तेजस्वी, म्हणजे पट्टीसारख्या केंद्रकाच्या अपक्व. आणि सीडी१६ तेजस्वी पण सीडी६२एल मंद, जास्त खंडांच्या केंद्रकाच्या. २०१२ साली दाखवलं गेलं की हा तिसरा गट मॅक-१च्या मदतीने टी-पेशींना बिलगून त्यांची वाढ दाबतो. म्हणजे तुमच्या पॅनेलमधलं 'सीडी६२एल उतरलं' हे नुसतं उत्तेजन नसून वेगळी जातच असू शकते. हाताळणीत कापलं गेलेलं सीडी६२एल या गटात मिसळलं तर तो ओळखू येणार नाही, म्हणून शीतपेटी यांचा बर्फ इथे फार कामाचा.

मतभेद असा: घरंगळणं, थांबणं, उतरणं हा क्रम त्वचेच्या आणि आतड्याच्या पटलाच्या सूक्ष्म शिरांचा आहे. फुप्फुसाच्या केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात, तिथे पेशी मुळात दाबून, आकार बदलत पुढे सरकते. घरंगळायला जागाच नाही. सशांवरच्या प्रयोगांत दिसलं की ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनने फुप्फुसात येणारे न्यूट्रोफिल सीडी१८वर अवलंबून असतात, पण न्यूमोकोकसने येणारे बहुतांशी नसतात. यकृताच्या सायनुसॉइडमध्ये सीडी४४ आणि हायल्युरोननची जोडी पुढे येते. तुमच्या रुग्णांत न्यूमोनियाचे किती आणि पोटातल्या संसर्गाचे किती, ते वेगळं केल्याशिवाय नाळेच्या शिरेच्या एका अस्तरावरून सगळ्यांबद्दल बोलता येणार नाही.

जंतूही या रेणूंशी खेळतात, त्यामुळे जंतूचं नाव तक्त्यात असू द्या. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं एसएसएल५ हे प्रथिन पीएसजीएल-१ला झाकतं, घरंगळणंच बंद. त्याचंच ल्युकएबी विष माणसाच्या सीडी११बीला धरून पेशी फोडतं. उंदराच्या सीडी११बीला ते नीट धरत नाही, म्हणून उंदरावरचे निकाल इथे फसवतात. डांग्या खोकल्याचा जंतू दोन बाजूंनी येतो: त्याचं अ‍ॅडेनिलेट सायक्लेज विष मॅक-१मधून आत शिरतं, आणि पर्टुसिस विष केमोकाइनचा संदेश तोडतं, त्यामुळे लिम्फोसाइटचं एलएफए-१ वेळेवर उघडत नाही. त्या आजारात रक्तात लिम्फोसाइट साचण्याचं एक मोठं कारण हेच.

गेटिंगवाली

'रेणू आहे' आणि 'रेणू काम करतो' यांतला फरक बघायचा असेल तर जन्मजात दोष पाहा. ल्यूकोसाइट चिकटण्याच्या दोषाच्या पहिल्या प्रकारात आयटीजीबी२ जनुक बिघडतं आणि सीडी१८ पृष्ठभागावर येतच नाही. तीव्र रूपात २ टक्क्यांहून कमी. नाळ उशिरा गळते, रक्तात न्यूट्रोफिल चिकार, पण जखमेत पू नाही. सायटोमीटरवर लगेच सापडतो. तिसऱ्या प्रकारात एफईआरएमटी३ बिघडतं, म्हणजे किंडलिन-३ नाही. सीडी१८ची चमक सामान्य, अहवाल सामान्य, आणि बाळाला तेच वारंवार जीवाणू संसर्ग, वर रक्तस्राव, कारण प्लेटलेटचं इंटिग्रिनही उघडत नाही. असा नमुना मॅग्नेशियम यांच्या चार नळ्यांत घातला तर एफएमएलपीला क्लोन २४ हलत नाही, मँगेनीजला मात्र चढतो. तुमच्या सेप्सिसच्या नमुन्यांत असं चित्र दिसलं तर बिघाड रेणूत नसून आतल्या संदेशात आहे असं लिहिता येईल.

पेशीशोध

मग क्रम असा लावतो: खाटेपाशी ईडीटीएची गार नळी मोजणीला, हेपरिनची कोमट नळी कार्याला. चार आयन-नळ्या. अस्तर ४ तास टीएनएफवर, प्रवाह १ डाइन. रुग्ण संसर्गाच्या जागेनुसार वेगळे. एक विचारायचं राहिलं: रक्त आधी स्थिर करून नंतर निवांत स्टेन केलं तर?

मॅग्नेशियम

क्लोन २४ आणि सीबीआरएम१/५साठी मुळीच नाही. ते ठेवण ओळखतात, आणि फॉर्मल्डिहाइडने ठेवण बिघडते किंवा झाकली जाते. आधी अँटिबॉडी, मग स्थिर करणं. सीडी११बी आणि सीडी६२एलचे काही क्लोन स्थिर केल्यावरही चालतात, पण पेशीला छिद्रं पडली तर आतल्या कणांतलं सीडी११बीही रंगतं आणि निरोगी पेशी पुन्हा 'चढलेल्या' दिसतात. तेच रक्त दोन्ही क्रमांनी एकदा करून बघा. आकडे जुळले तरच बदला.